पिल्लाला जागा लावायची कशी?

जुन्नर, अकोले अशा उसाच्या भागात दिवस मावळला की कुत्र्याचं पिल्लू अंगणात ठेवायची सोय नाही. बिबट्याची भीती. म्हणून पिल्लू घरात येतं आणि सकाळी घरभर शी-शू दिसते. मग कोणी त्याला बदडतं, कोणी हाकलून देतं. पण काही आठवडे नेमानं लक्ष दिलं तर पिल्लू एकाच जागी जायला शिकतं.

शहरात यासाठी शू शोषून घेणारे पॅड विकत मिळतात. आपण ते घरीच करू. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर वर्तमानपत्राचे चार-पाच थर किंवा जुन्या सुती लुगड्याची घडी. जागा दाराजवळची निवडा. चूल, पाण्याचे हंडे आणि पिल्लाचं अंथरूण यांपासून लांब. पिल्लू शिकेपर्यंत ती बदलू नका.

पिल्लाला झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर थोड्या वेळानं आणि खेळून झाल्यावर लागते. जमीन हुंगत ते गोल फिरू लागलं की उचलून पॅडवर ठेवा. ‘शू कर’ असा एकच शब्द घरातल्या सगळ्यांनी वापरायचा. झाल्याबरोबर शाबासकी द्या, भाकरीचा तुकडा द्या. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त दम धरू शकत नाही, हेही लक्षात ठेवा.

कागद बदलताना शूचा वास असलेला लहान तुकडा नव्या थरावर ठेवा. वासानं ते जागा ओळखतं. भलतीकडे केली तर फरशी साबणाच्या पाण्यानं धुवा. सारवलेली जमीन असेल तर तेवढी माती खरवडून पुन्हा सारवा. वास राहिला की पिल्लू तिथंच परत जातं.

मारू नका, त्याचं नाक शीत घासू नका. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसांसमोर करायची नाही. मग ते कणगीमागं, खाटेखाली लपून करतं.

हे सगळं नुसत्या स्वच्छतेसाठी नाही. पिल्लांच्या पोटात बहुतेक वेळा जंत असतात. त्यांची अंडी शीतून पडतात आणि रांगत्या मुलाच्या हातातून तोंडात जातात. म्हणून शी लगेच उचलून खड्ड्यात पुरा, भाजीच्या वाफ्यात टाकू नका. हात साबणानं धुवा. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पिल्लाला वेळच्या वेळी जंताचं औषध द्या, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्या.

लसी पूर्ण झाल्या की पॅड रोज थोडा थोडा सरकवत उंबऱ्याबाहेर आणि मग अंगणाच्या कडेला न्या. सहा महिन्यांच्या आसपास बहुतेक पिल्लं रात्रभर दम धरतात. निजण्यापूर्वी बॅटरी घेऊन त्याला दाराशीच फिरवून आणा, एकटं सोडू नका.

आणि हो, कुत्रं सगळ्या घराची राखण करतं. तेव्हा साफसफाईही एकट्या बाईच्या वाट्याला नको, पाळ्या लावा.