भिजलेलीं यंत्रें आणि विलग वीज

पंचगंगेला २०१९ च्या ऑगस्टमध्यें आणि पुन्हां २०२१ च्या जुलैमध्यें महापूर आला, तेव्हां कोल्हापुरांतील शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर वगैरे सखल भागांत पाणी शिरलें. असें पाणी ओसरलें म्हणजे रेडिओ, टेलिव्हिजन, ध्वनिवर्धक अशीं चिखलानें माखलेलीं यंत्रें दुरुस्तीच्या मेजावर येतात. बाहेरून तीं वाळलेलीं दिसतात. पण आंतील वेष्टनांत ओल दडलेली असते. अशा यंत्राला भिंतींतल्या प्लगची वीज सरळ देणें यंत्राला घातक आणि कारागिराला त्याहून घातक.

कारागिराला कां, तें पाहूं. घरांत येणाऱ्या दोन तारांपैकीं न्यूट्रल ही जमिनीशीं जोडलेली असते. त्यामुळें ज्याचा हात दुसऱ्या तारेला लागला व पाय ओल्या फरशीवर आहेत, त्याच्या देहांतून २३० व्होल्टांचें मंडल पुरें होतें. जमीनच दुसरी तार होते! जुन्या ए.सी.-डी.सी. रेडिओंत तर ट्रान्सफॉर्मर नसून एक तार बहुधा थेट लोखंडी सांगाड्याला जोडलेली असे; प्लग एका बाजूनें घातला तर सांगाडा निरुपद्रवी, उलटा घातला तर प्राणघातक. आजच्या टेलिव्हिजनच्या वीजपुरवठ्याचा पहिला भागहि तारांशीं असाच थेट निगडित असतो, आणि तेथील कंडेन्सरवर सुमारें ३२५ व्होल्ट सांठतात.

यावर उपाय विलगीकरण ट्रान्सफॉर्मरचा. त्यांत सारख्याच वेढ्यांचीं दोन वेष्टनें असतात. त्यांच्यांत संबंध तारेचा नव्हे, केवळ चुंबकत्वाचा. आंत जेवढा दाब तेवढाच बाहेर, मग मिळविलें काय, असें कोणी विचारील. मिळविलें तें इतकेंच कीं, बाहेरच्या तारांपैकीं एकीचेंहि जमिनीशीं नातें उरत नाहीं. एकीला चुकून हात लागला तरी प्रवाहाला परतीची वाट नसते. दोन्हींना दोन हात लागले तर मात्र कांहींच वांचवूं शकत नाहीं. गळती ओळखून वीज तोडणारी कळसुद्धां तेथें स्वस्थ राहते, कारण तिला गळती दिसतच नाहीं. एक हात पाठीशीं ठेवून मोजमाप करण्याची जुनी चाल म्हणूनच शहाणपणाची.

दाब सावकाश चढविण्यास व्हेरिअ‍ॅक लागतो. लोखंडी कड्यावर एकच वेष्टन असतें व मूठ फिरविली कीं कार्बनचा ब्रश वेढ्यांवरून सरकून हवा तो दाब उचलतो. येथें पुष्कळांची फसगत होते. वेष्टन एकच असल्यामुळें आंतली व बाहेरची एक तार समाईक असते; मूठ दहा व्होल्टांवर असतांनाहि, प्लगच्या तारा उलटल्या असल्यास, बाहेरच्या दोन्ही तारा जमिनीच्या मानानें सव्वादोनशें व्होल्टांच्या आसपास असूं शकतात. तेव्हां व्हेरिअ‍ॅकला विलगीकरणाची जोड हवीच.

वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या रेडिओच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांतील ऑक्साइडचा थर क्षीण झालेला असतो. दाब हळूहळू वाढविला तर तो पुन्हां बसूं शकतो. एकदम दिला तर कंडेन्सर फुटण्याचें भय. पण रेक्टिफायर व्हॉल्व्ह पुरेसा तापेपर्यंत कंडेन्सरला कांहींच मिळत नाहीं, म्हणून जाणते कारागीर त्या जागीं तात्पुरते डायोड लावतात. आधुनिक स्विचिंग पुरवठ्याला मात्र ही सावकाशी मानवत नाहीं. कमी दाबांत तो उलट जास्त प्रवाह खेंचतो. विहिरीवरच्या पंपाची मोटारहि कमी दाबावर वेग न घेतां नुसती तापते.

ज्यांना व्हेरिअ‍ॅक परवडत नाहीं ते १०० वॅटचा तंतूचा दिवा एकसरींत जोडतात. यंत्रांत शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटतो व प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आंत राहतो. यानें यंत्र वांचतें, माणूस नव्हे. माणसाला त्याच्या दशांशानेंहि मृत्यु येऊं शकतो.

काम संपल्यावर प्लग काढला तरी मोठ्या कंडेन्सरवरील भार कांहीं वेळ टिकून असतो. तो योग्य रोधकांतून उतरवावा, आणि मीटरवर शून्य दिसेपर्यंत हात दूर ठेवावा.