सुरकुत्यांवरचे इंजेक्शन: औषध, मात्रा आणि सुरक्षितता

कपाळावरच्या आडव्या आठ्या, भुवयांमधल्या उभ्या रेषा आणि हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या बारीक रेषा कमी करण्यासाठी जे इंजेक्शन दिले जाते, त्यात बोट्युलिनम टॉक्सिन हे औषध असते. बोलताना सगळेच त्याला बोटॉक्स म्हणतात. प्रत्यक्षात बोटॉक्स हे एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव आहे. डिस्पोर्ट, झिओमिन अशी दुसरी उत्पादनेही आहेत. या इंजेक्शनांच्या जाहिराती मोबाइलवरून आता परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावीही पोहोचतात. जाहिरातीत ते फेशियल किंवा ब्लीचच्या रांगेत बसवलेले असते. पण ते प्रसाधन नव्हे. स्नायूची हालचाल थांबवणारे ते औषध आहे, आणि त्याच्याविषयीचा प्रत्येक निर्णय औषधाच्या कसोटीवरच घ्यायला हवा.

सुरकुत्या का पडतात

चेहऱ्याचे स्नायू त्वचेला थेट जोडलेले असतात. भुवया आक्रसल्या, डोळे बारीक केले की त्वचेला घडी पडते. तरुणपणी स्नायू सैल होताच ही घडी मोडते, कारण त्वचेतील कोलॅजेन आणि इलॅस्टिन हे तंतू तिला पूर्ववत करतात. वय वाढते तसे हे तंतू कमी होतात आणि घडीची जागा कायमची रेष घेते. म्हणून सुरकुत्यांचे दोन प्रकार मानतात: चेहरा हलवल्यावरच दिसणाऱ्या आणि चेहरा शांत असतानाही दिसणाऱ्या. बोट्युलिनम टॉक्सिनचा चांगला उपयोग पहिल्या प्रकाराला होतो. दुसऱ्या प्रकाराला अंशतःच.

तंतूंची झीज वयापेक्षाही उन्हामुळे जास्त होते. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्वचेत खोल शिरून कोलॅजेन तोडतात. अमेरिकेत २८ वर्षे मालवाहू गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या एका चालकाचे छायाचित्र २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. खिडकीकडचा त्याचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेला होता. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. जिंतूर तालुक्यात कापूस-सोयाबीनच्या रानात दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि मजूर बाईच्या चेहऱ्यावर याच उन्हाची खूण लवकर उमटते. तंबाखूचा धूर या झिजेत भर घालतो. उन्हाने भरड झालेल्या त्वचेवरच्या जाळीदार बारीक सुरकुत्या स्नायू सैल करून जात नाहीत, हे इंजेक्शनचा विचार करण्याआधी माहीत असलेले बरे.

विषापासून औषधापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग भागात खराब सॉसेज खाऊन माणसे लुळी पडत आणि दगावत. डॉक्टर आणि कवी असलेल्या युस्टिनुस केर्नर यांनी १८२० आणि १८२२ मध्ये या विषबाधेची तपशीलवार वर्णने केली. १८९५ मध्ये बेल्जियममधील एका गावात अंत्यविधीनंतर हॅम खाल्लेले वादक आजारी पडले, तेव्हा एमिल व्हान एरमेन्गेम यांनी तिला कारणीभूत असलेला जीवाणू शोधून काढला. तो आज क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या नावाने ओळखला जातो. अशी विषबाधा भारतातही झालेली आहे. सप्टेंबर १९९६ मध्ये गुजरातमधील एका निवासी शाळेत याच जातीच्या विषाने ३४ विद्यार्थी आजारी पडले आणि तिघांचा मृत्यू झाला. तेथे हे विष क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम या भाऊबंद जीवाणूचे असल्याचे दिसले.

स्नायू लुळा करणाऱ्या या विषाचा नेमका थेंब वापरून नको तेवढा आवळलेला स्नायू सैल करता येईल, ही कल्पना सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी वापरली. प्रथम माकडांवर आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस माणसांवर त्यांनी प्रयोग केले. तिरळेपणा आणि पापण्यांची अनैच्छिक उघडझाप यांवरचे औषध म्हणून अमेरिकेत डिसेंबर १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. कॅनडातील व्हँकूव्हर येथे नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्या लक्षात आले की, पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्याही मावळतात. त्वचारोगतज्ज्ञ पती अ‍ॅलिस्टेअर यांच्यासह त्यांनी १९९२ मध्ये हा अनुभव प्रसिद्ध केला. भुवयांमधल्या रेषांसाठी अमेरिकेची मान्यता २००२ मध्ये, डोळ्यांच्या कडेच्या रेषांसाठी २०१३ मध्ये आणि कपाळासाठी २०१७ मध्ये आली. मानेचे स्नायू पिळवटणे, पक्षाघातानंतरचा हातापायांचा ताठरपणा, जुनाट अर्धशिशी आणि काखेतला अतिघाम यांवरही हे औषध वापरतात.

शरीरात काय घडते

मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत येतो तेव्हा नसेच्या टोकाकडून अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन सुटते आणि स्नायू आकुंचन पावतो. बोट्युलिनम टॉक्सिन नसेच्या टोकात शिरून, हे रसायन बाहेर सोडणारे एक प्रथिन तोडते. हुकूम येतो, पण स्नायूपर्यंत पोहोचत नाही. परिणाम दोन-तीन दिवसांत जाणवू लागतो आणि साधारण दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो. पुढे नसेचे टोक पुन्हा कामाला लागते आणि तीन ते चार महिन्यांत सुरकुती परतते. म्हणजे परिणाम टिकवायचा तर इंजेक्शन वर्षातून तीन-चारदा घ्यावे लागते. खर्चाचा हिशेब करताना ही गोष्ट सुरुवातीलाच धरायला हवी. चांगला परिणाम जसा तात्पुरता, तसाच चुकलेल्या सुईचा परिणामही. पण तो ओसरेपर्यंत आठवडे किंवा महिने काढावे लागतात.

औषध युनिटमध्ये मोजतात. बोटॉक्सच्या बाबतीत भुवयांमधल्या रेषांसाठी पाच ठिकाणी मिळून २० युनिट आणि दोन्ही डोळ्यांच्या कडांसाठी एकूण २४ युनिट ही मान्य मात्रा आहे. २० युनिटमध्ये विष आणि त्याच्याभोवतीची प्रथिने मिळून जेमतेम एक नॅनोग्राम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, पदार्थ असतो. एका कंपनीचे युनिट दुसरीच्या युनिटाबरोबर बदलता येत नाही. कोणते उत्पादन आणि किती युनिट, या दोन्ही गोष्टी कागदावर लिहिलेल्या असाव्यात, त्या यासाठीच.

दुष्परिणाम: किरकोळ आणि गंभीर

मान्यताप्राप्त औषध, योग्य मात्रा आणि प्रशिक्षित हात असे असतील तर चेहऱ्यावरचे बहुतेक दुष्परिणाम किरकोळ असतात: सुई लागलेल्या जागी काळेनिळे पडणे, थोडी सूज, डोकेदुखी. औषध नको त्या स्नायूत पसरले तर वरची पापणी खाली ओघळते किंवा एक भुवई दुसरीपेक्षा वर चढते. हे आठवड्यांत सावरते. इंजेक्शननंतर काही तास ती जागा चोळू नये आणि त्या दिवशी फेशियल किंवा मसाज करू नये, असे डॉक्टर सांगतात, तेही औषध पसरू नये म्हणूनच.

गंभीर दुष्परिणाम विरळ आहे, पण जीवघेणा ठरू शकतो. औषध शरीरात दूर पसरले तर गिळायला, बोलायला आणि श्वास घ्यायला त्रास होतो, वस्तू दोन-दोन दिसतात, अंगातला जोर जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकावर याविषयीचा ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. ही लक्षणे काही तासांत किंवा काही आठवड्यांनीही दिसू शकतात. अशा वेळी घरी वाट पाहणे धोक्याचे असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि बोट्युलिनमचे इंजेक्शन घेतल्याचे डॉक्टरांना लगेच सांगावे. प्रतिविष मोकळ्या विषाला अडवते, पण लुळा पडलेला स्नायू परत चालू करत नाही; म्हणून वेळ मोलाचा.

मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायू-नसांचा आजार असलेल्यांना हे औषध विशेष धोक्याचे आहे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते टाळावे. सुई टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असेल तर ते देऊ नये. जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके त्याचा परिणाम वाढवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर काळेनिळेपणा वाढतो. मात्र हृदयाच्या रुग्णाने अशा गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

धोका नेमका कुठून येतो

गाजलेल्या दुर्घटनांमध्ये मूळ कारण बहुधा बनावट किंवा विनापरवाना माल हेच निघाले आहे. २००४ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, परवाना निलंबित झालेल्या एका डॉक्टरने माणसांसाठी नसलेले, प्रयोगशाळेत वापरायचे अतितीव्र टॉक्सिन स्वतःसह चौघांना टोचले. चौघेही लुळे पडून कृत्रिम श्वासावर गेले. २०२४ च्या वसंतात अमेरिकेतच ११ राज्यांतील २२ जणांना बनावट किंवा चुकीच्या हाताळणीच्या इंजेक्शनांनंतर त्रास झाल्याची नोंद झाली आणि त्यांतले ११ जण रुग्णालयात दाखल झाले.

बनावट नसलेली कुपीही बिघडू शकते. बोटॉक्सची न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि त्यातली पूड सलाइनमध्ये विरघळवल्यावर ती २४ तासांत वापरायची असते. उन्हाळ्यात परभणी-जिंतूरच्या रस्त्यावर बर्फाच्या डब्याविना आलेल्या कुपीतले औषध निकामी होऊ शकते.

सुरकुत्यांच्या नावाखाली दिले जाणारे दुसरे इंजेक्शन फिलरचे असते. त्यात बहुधा हायल्युरॉनिक अ‍ॅसिड असते. ते स्नायू सैल करत नाही, खोलगट जागा भरून काढते. त्याचा धोकाही वेगळा आहे: चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचेचा भाग मरतो किंवा दृष्टी जाऊ शकते. हायल्युरॉनिडेज हे विरघळवणारे औषध हाताशी नसेल तेथे असे फिलर घेऊ नये.

जिंतूरच्या माणसाने काय पाहावे

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये या औषधाच्या वापराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. हे काम प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरचे आहे, ही त्यामागची भूमिका. ब्यूटी पार्लरमधल्या ताईच्या हातात कितीही सफाई असली तरी ही सुई तिने देणे योग्य नाही, आणि लग्नघरी किंवा हॉटेलच्या खोलीत भरणारी ‘शिबिरे’ तर टाळायलाच हवीत. महाराष्ट्रात नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करण्याला १९६१ च्या कायद्याने बंदी आहे. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते. नावापुढे त्वचारोगातील किंवा प्लास्टिक सर्जरीतील पदव्युत्तर पदवी आहे का, तेही पाहावे.

जिंतूरहून परभणी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. मोठ्या उपचारासाठी नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय गाठावे लागते. म्हणून जो डॉक्टर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणार आहे आणि रात्री अडचण आल्यास फोन उचलणार आहे, त्याच्याकडेच जावे. महिन्यातून एकदा येऊन परत जाणाऱ्या पाहुण्या डॉक्टरांकडे इंजेक्शन घ्यायचे असेल तर मागाहून कोण पाहणार, हे आधी विचारून घ्यावे.

इंजेक्शनपूर्वी कुपीचे खोके समोर उघडून घ्यावे. उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि आयातदाराचे नाव वाचावे. बाजारापेक्षा फारच स्वस्त दर हा बनावट मालाचा इशारा समजावा. आधीचे छायाचित्र, संमतीपत्र आणि युनिटांची नोंद असलेली पावती मागावी. बनावट औषधाचा संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे, बोगस डॉक्टरबद्दल तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. दुष्परिणामाची नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही करता येते.

सुई घ्यायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. सुरकुत्या हा काही आजार नाही. मात्र उन्हापासूनचे रक्षण सर्वांसाठी सारखेच उपयोगी आहे. रानात जाताना डोक्याला रुमाल किंवा रुंद काठाची टोपी, चेहऱ्यावर ओढणी, शक्य तेथे किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन आणि तंबाखूपासून दूर राहणे, एवढे केले तरी नव्या सुरकुत्या उशिरा पडतात. या उपायांना सुई लागत नाही आणि ते कोणत्याही वयात सुरू करता येतात.