ओल्या हवेतले लाकूड आणि त्यावरचे रोगण

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरापुढे, पडवीला लागून, मी काही वर्षांपूर्वी सागाच्या फळ्यांचा एक उघडा मंच बांधून घेतला. हल्ली कोकणातल्या पर्यटकनिवासांत ज्याला ‘डेक’ म्हणतात, तोच हा प्रकार. त्यावर चकचकीत रोगणाचे तीन हात दिले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर नरकचतुर्दशीच्या पहाटे पणती ठेवायला गेलेल्या माझ्या आत्याचा पाय फळीतून आरपार गेला. घोट्याचे हाड मोडले आणि पुढे ती काठीशिवाय चालली नाही. फळी उचलून पाहिली, तर आंब्याच्या सावलीतली झिलई बरीचशी शाबूत होती. खालचे लाकूड मात्र बोटांनी कुस्करता येत होते.

रोगण टिकले आणि लाकूड कुजले, हे कसे? मी शास्त्राचा विद्यार्थी नव्हे. पण त्या प्रश्नाने मला सुतारांकडे, होड्या बांधणाऱ्यांकडे, वखारींत आणि लाकूडशास्त्राच्या पुस्तकांत नेले. त्यातून जे समजले ते इथे मांडतो.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. झाड तोडल्यावरही या नळ्यांच्या भिंती हवेतली ओल घेत आणि सोडत राहतात. हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्के असते. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की ती २० टक्क्यांच्या घरात जाते. कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांहून अधिक ओल लागते. म्हणजे कोकणातल्या आषाढ-श्रावणात, एक थेंबही अंगावर न पडता, लाकूड धोक्याच्या उंबरठ्यावर उभे असते. त्यावर प्रत्यक्ष पाणी मुरले की उंबरठा ओलांडला जातो. प्रश्न एवढाच उरतो की, ते पाणी परत बाहेर किती लवकर पडते.

चकचकीत रोगण लाकडावर कातडीसारखा पापुद्रा धरते. लाकूड मात्र ओलीने फुगते आणि उन्हाने आकसते. या ओढाताणीत पापुद्र्याला केसाएवढ्या चिरा पडतात. त्यातच पारदर्शक रोगणातून सूर्याची अतिनील किरणे आत पोहोचतात आणि तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन मोडतात, म्हणजे पापुद्रा ज्या पृष्ठाला चिकटलेला असतो ते पृष्ठच सुटते. चिरेतून आणि फळीच्या कापलेल्या टोकातून पाणी आत जाते. नळ्यांची तोंडे टोकालाच उघडी असल्यामुळे तिथून ते कितीतरी पट वेगाने शिरते. आत गेलेले पाणी वाळू पाहते, तेव्हा त्याच्या वाटेत तोच पापुद्रा आडवा येतो. माझ्या मंचाचे हेच झाले होते. मी पाणी अडवायला गेलो आणि ते आत अडकवून बसलो.

तेल पापुद्रा धरत नाही, मुरते. म्हणून ते सोलपटत नाही आणि लाकडाला वाळायला वाव देते. मात्र ‘जुने ते सोने’ म्हणून कच्चे अळशीचे तेल फासणेही बरोबर नाही. ओल्या हवेत ते काळ्या बुरशीचे खाद्य होते. उघड्यावरच्या लाकडाला मुरणारे, बुरशीनाशक घातलेले आणि रंगद्रव्य असलेले तेल हवे. रंगद्रव्य शोभेपुरते नसते. ऊन तेच अडवते. तांबूस तेलांतले रंगद्रव्य बहुधा लोहाचे ऑक्साइड असते, म्हणजे आपल्या गेरूचेच भावंड.

या शोधात एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. मी पाहिलेल्या एकाही जुन्या कोकणी घराला उघड्यावरची लाकडी जमीन नव्हती. घरापुढचे खळे मातीचे. पाऊस संपला की ते चोपून, सारवून नवे करायचे. लाकूड छपराखाली. खांब मातीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा, म्हणजे त्याचे टोक ओल ओढत नाही. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून छप्पर पुढे काढलेले आणि पावसाआधी पडवीला झापांच्या झडी बांधलेल्या. उघड्या पावसापाण्यातली लाकडी जमीन होती ती फक्त होडीवर. होडीला काजूच्या टरफलाचे तेल चोपडत. ते हाताला लागले तर फोड येतात, इतके जहाल. पण त्या होडीलाही पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून, वर झाप घालून विश्रांती दिली जाई. आमचा डेक म्हणजे वर्षभर विश्रांती न मिळालेली होडी.

मग सागाचे काय? मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने १८१७ साली सागात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. पण ही कीर्ती सागाच्या गाभ्याची आहे. बाहेरच्या पांढरट लाकडात ती ताकद नसते. माझ्या फळ्या स्वस्तातल्या, कोवळ्या झाडाच्या होत्या आणि त्यांत पांढरा भागच जास्त होता. रोगणाखाली तो झाकला गेला.

आता ज्यांना डेक बांधायचाच आहे, त्यांच्यासाठी थोडे. गाभ्याच्याच फळ्या घ्या. दोन फळ्यांत फट ठेवा आणि खालून वारा खेळू द्या. फळी ठोकण्याआधी सहाही बाजूंना तेल द्या, टोकांना दोनदा. तेल देण्याची वेळ पाऊस संपल्यावर लगेच नव्हे. तीन-चार आठवडे कोरडे ऊन खाऊन झाल्यावर, आणि तेही भर दुपारी नको. साग स्वतः तेलकट असतो, त्यामुळे आधी थिनरने पुसून घ्या. न मुरलेले तेल अर्ध्या तासात पुसून काढा, नाहीतर ते चिकट राहते. आणि पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीच्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेट घेतात. त्या पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

माझा नवा मंच निम्म्या आकाराचा आहे आणि त्याच्यावर कौले आहेत. दर वर्षी दसऱ्यानंतर मी प्रत्येक फळीवर पाण्याचे चार थेंब टाकतो. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल शिल्लक आहे. पसरून मुरला तर संपले. आत्या आता नाही. तिची काठी पडवीत आहे, तिच्याच टोकाने मी फळ्या टोचून पाहतो. यंदा पायरीजवळच्या दोन फळ्यांनी पाणी पिऊन टाकले. दिवाळी झाली की त्यांना तेल द्यायचे आहे.