वारशाचे शहर आणि शहरातले बिऱ्हाड

स्पेन देशाचे नाव काढले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा, बैलांच्या झुंजी आणि गिटार ही तीन चित्रे उभी राहतात. ही चित्रे खोटी नव्हेत, पण ती अपुरी आहेत. आज आम्ही ज्या स्पेनविषयी चार शब्द सांगणार आहोत तो मध्यम शहरांचा स्पेन आहे. सेगोव्हिया, आव्हिला, तोलेदो, सालामांका, क्वेंका, मेरिदा, कासेरेस, सांतियागो दे कोंपोस्तेला, कोर्दोबा ही ती शहरे. यांतली काही पन्नास-साठ हजार वस्तीची, काही लाखाच्या आसपासची आणि कोर्दोबासारखे एखादे सव्वातीन लाखांचे. कारखानदारी बेताची, पण जुना दगड भरपूर, अशी ह्या शहरांची प्रकृती आहे.

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने जुन्या इमारतींच्या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. प्रत्येक जुन्या भिंतीमागे पाथरवटाची मजुरी असते, आणि ती भिंत पाहायला आलेल्या प्रवाशामागे त्याची खोली झाडणाऱ्या बाईची मजुरी असते. ह्या दोन मजुऱ्यांचा हिशेब मांडल्यावाचून वारशाचा विचार पुरा होत नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. १९६० साली स्पेनमध्ये सुमारे ६० लाख परदेशी पाहुणे आले. २०१९ साली हा आकडा ८ कोटी ३५ लाखांवर गेला आणि २०२४ साली ९ कोटी ३८ लाख झाला. म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या जवळजवळ दुप्पट माणसे एका वर्षात येऊन गेली. यांतली बहुसंख्य किनाऱ्यांवर, बेटांवर आणि बार्सिलोना-माद्रिदसारख्या थोर शहरांत जातात. आतल्या शहरांच्या वाट्याला उरलेला भाग येतो. पण ज्या गावाची वस्तीच पन्नास हजार, त्याला हा उरलेला भागही पुरासारखा वाटतो.

ह्या शहरांनी पर्यटनाची कास का धरली? १९५० ते १९७० या काळात कास्तिया आणि एक्स्त्रेमादुरा प्रांतांतील लाखो माणसे कामासाठी माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओ येथे आणि फ्रान्स-जर्मनीतही गेली. जी शहरात राहिली त्यांनीही जुनी पेठ सोडून बाहेरच्या नव्या वसाहतींत बिऱ्हाडे हलवली. नव्या घरात न्हाणीघर होते, लिफ्ट होती, मोटार उभी करायला जागा होती. जुन्या पेठेत गळके छप्पर होते. १९६४ च्या भाडेकायद्याने जुने भाडेकरार आपोआप पुढे चालत आणि भाडे जवळपास गोठलेले राही. त्याने गरीब भाडेकऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर राहिले हे खरे, पण ते छप्पर शाकारायला मालकाने हात आखडता घेतला हेही तितकेच खरे. अशा रीतीने राजवाडे, मठ, चर्चे उभी राहिली आणि त्यांच्यामधली राहती घरे मात्र ओस पडू लागली.

येथे १९८५ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी स्पेनच्या संसदेने ऐतिहासिक वारशाचा कायदा केला. त्यातील तीन तरतुदी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, ज्या गावाचा जुना भाग ऐतिहासिक म्हणून जाहीर झाला त्या नगरपालिकेने त्याच्या संरक्षणाची खास योजना तयार केलीच पाहिजे. दोन, स्मारकांच्या दर्शनी भिंतींवर आणि छपरांवर जाहिरातीचे फलक, तारा, अँटेना लावता कामा नयेत. तीन, सरकारी खर्चाने होणाऱ्या सार्वजनिक बांधकामांच्या अंदाजपत्रकातला निदान १ टक्का, काही अपवाद सोडून, वारशाच्या जतनावर खर्च व्हावा. पुढे हा वाटा वाढवून दोन टक्के करण्यात आला. रस्ता किंवा पूल बांधताना त्याच्या खर्चातून जुन्या देवळाचे छप्पर दुरुस्त व्हावे, ही कल्पना आम्हांस फार व्यवहारी वाटते.

याच सुमारास युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत ही शहरे येऊ लागली. १९८४ साली कोर्दोबाची मशीद, १९८५ साली सेगोव्हिया, आव्हिला आणि सांतियागो, १९८६ साली तोलेदो आणि कासेरेस, १९८८ साली सालामांका, १९९३ साली मेरिदा, १९९६ साली क्वेंका. १९९३ साली अशा शहरांनी आपला एक संघ स्थापन केला. आज त्यात १५ शहरे आहेत. एकेकट्या गावाचे सरकारदरबारी कोणी ऐकत नाही, पंधरा गावे एकत्र आली की ऐकावे लागते. ही गोष्ट संघटनेत काम करणाऱ्याला कोणी शिकवायला नको. मात्र युनेस्कोचा मान ही एक पाटी आहे. दुरुस्तीचा खर्च ज्याचा त्याने करायचा असतो.

आता दुरुस्ती करायची म्हटली तर हात कोणाचे? १९८५ च्या सुमारास स्पेनमध्ये दर शंभर कामकऱ्यांमागे वीसहून अधिक बेकार होते, आणि तरुणांत तर हे प्रमाण कितीतरी अधिक होते. दुसरीकडे पाथरकाम, सुतारकाम, लोहारकाम जाणणारे जुने कारागीर म्हातारे झाले होते. वास्तुविशारद आणि व्यंगचित्रकार होसे मारिया पेरेस, ज्यांना लोक ‘पेरिदिस’ या नावाने ओळखतात, यांनी ह्या दोन अडचणींची एकमेकींशी गाठ घालून दिली. पंचविशीच्या आतल्या बेकार मुलांना जुन्या इमारतीवरच कामाला लावायचे आणि काम करता करता धंदा शिकवायचा, अशा ‘कार्यशाळा-शाळा’ त्यांच्या कल्पनेतून १९८५ पासून निघाल्या. स्पेनच्या उत्तरेकडील आगिलार दे काम्पो गावचा एक पडका मठ त्यांनी अशाच रीतीने उभा केला होता. या शाळा पुढे देशभर पसरल्या. पोराच्या हाताला कसब मिळाले आणि गावाच्या भिंतीला हात मिळाला. वारशावर केलेला खर्च म्हणजे श्रीमंती चोचला, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे.

भिंती सावरल्या आणि पाहुणे येऊ लागले. मग दुसरा प्रश्न उभा राहिला. पाहुणा येतो, पण राहतो किती?

सेगोव्हियाचे उदाहरण घेऊ. गावाच्या मध्यावर सुमारे १९०० वर्षांपूर्वी रोमन लोकांनी बांधलेला जलसेतू उभा आहे. सर्वांत उंच जागी तो २८ मीटर भरतो. ग्रॅनाइटचे चिरे एकावर एक रचलेले आहेत, मध्ये चुना नाही. केवळ भारावर कमानी तोललेल्या आहेत. १९९२ पर्यंत ह्या कमानींखालून मोटारी जात असत. त्या वर्षी नगराने वाहतूक बंद केली आणि दगडाला धूर व हादरे यांपासून सुटका मिळाली. हे चांगलेच झाले. पुढे २००७ साली माद्रिदहून वेगवान आगगाडी सुरू झाली. सेगोव्हियाला जायला अर्धा तास पुरेसा झाला. तोलेदोला अशी गाडी २००५ सालीच आली होती, तोही प्रवास अर्ध्या तासाचाच. परिणाम असा की प्रवासी सकाळी माद्रिदहून निघतो, जलसेतू पाहतो, जेवतो आणि संध्याकाळी माद्रिदच्या हॉटेलात परत जातो. गर्दी सेगोव्हियाच्या गल्लीत आणि खाटेचे भाडे माद्रिदच्या तिजोरीत!

ह्याचा साधा हिशेब करा. शंभर माणसे एकेक रात्र राहिली काय आणि पन्नास माणसे दोन-दोन रात्री राहिली काय, खाटा तितक्याच भरतात. पण दुसऱ्या प्रकारात गाडीची गर्दी निम्मी, तिकीटखिडकीवरची रांग निम्मी आणि गावाला संध्याकाळचे जेवण, सकाळची न्याहारी, बाजारातली खरेदी यांचा लाभ अधिक. म्हणून नुसती डोकी मोजणारी आकडेवारी आम्हांस अर्धवट वाटते. मात्र आगगाडीला सरसकट दोष देणेही बरोबर नाही. तिच्यामुळेच माद्रिदला नोकरी करून सेगोव्हियात किंवा तोलेदोत बिऱ्हाड ठेवणे अनेकांना शक्य झाले आहे.

पाहुण्याला थांबवायचे कसे, याची उत्तरे निरनिराळ्या शहरांनी निरनिराळी काढली. सालामांकाचे विद्यापीठ १२१८ सालचे. जगभरची मुले तेथे स्पॅनिश भाषा शिकायला येतात, आठवडेच्या आठवडे राहतात आणि पुष्कळदा स्थानिक कुटुंबात जेवूनखाऊन राहतात. म्हणजे पैसा थेट एखाद्या गृहिणीच्या स्वयंपाकघरात पोचतो. मेरिदाचे रोमन नाट्यगृह दोन हजार वर्षांचे आहे. १९३३ साली तेथे पुन्हा नाटक झाले आणि आज दर उन्हाळ्यात तेथे अभिजात नाट्यमहोत्सव भरतो. नाटक रात्री असते, आणि रात्रीच्या नाटकाला आलेल्या पाहुण्याला गावातच अंथरूण लागते. क्वेंकामध्ये फेर्नांदो सोबेल या चित्रकाराने १९६६ साली कड्यावर लोंबणाऱ्या जुन्या घरांत अमूर्त चित्रांचे संग्रहालय उघडले. त्या वेळी पडकी म्हणून सोडलेली जुनी पेठ चित्रकारांनी पुन्हा वसवली.

तोलेदोची गोष्ट वेगळी आहे. तेथील सरकारी शस्त्रांचा कारखाना अठराव्या शतकातला. तलवारीपासून काडतुसांपर्यंत माल काढणारा हा कारखाना १९९० नंतरच्या दशकात बंद पडला. एखाद्याने तेथे आलिशान हॉटेल बांधले असते. पण त्या जागेत आज विद्यापीठ भरते. तोलेदो १९८३ पासून प्रांताची राजधानीही आहे. कचेऱ्या आणि वर्ग जुन्या मठा-वाड्यांतून चालतात. त्यामुळे पाहुणा आला नाही तरी सोमवारी सकाळी गल्लीत माणूस दिसतो. तरीही जुन्या पेठेत राहणारे आता सुमारे १० हजारच उरले आहेत, आणि शहराची एकूण वस्ती तर ८५ हजारांच्या घरात आहे.

येथे आमच्या विषयाचा गाभा येतो. कोर्दोबाचे ‘पातिओ’ म्हणजे घराच्या आतले चौक. वाड्याचा चौक ज्याने पाहिला आहे त्याला ते चटकन समजेल. मध्ये विहीर किंवा कारंजे, भिंतीवर टांगलेल्या कुंड्या आणि सभोवार कधी एक तर कधी अनेक कुटुंबांची बिऱ्हाडे. नगरपालिकेने १९२१ पासून ह्या चौकांची स्पर्धा सुरू केली. २०१२ साली युनेस्कोने ह्या उत्सवाला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला. मे महिन्यात घरमालक दारे उघडतात आणि रांगाच्या रांगा आत येतात. पण ध्यानात घ्या, मान मिळाला तो नुसत्या कुंड्यांना नव्हे, तर शेजाऱ्यांनी मिळून कुंड्यांना पाणी घालण्याच्या रीतीला. शेजारी उठून गेले आणि त्या खोल्या आठवड्याच्या भाड्याने पाहुण्यांना दिल्या, तर कुंड्या राहतील, रीत राहणार नाही.

सांतियागो हे लाखभर वस्तीचे यात्रेचे गाव. निदान शंभर किलोमीटर पायी चालून येणाऱ्या यात्रेकरूला तेथे प्रमाणपत्र मिळते. १९८६ साली अशी अगदी थोडीच प्रमाणपत्रे दिली गेली. २०२४ साली जवळजवळ ५ लाख. एवढी माणसे आल्यावर वाण्याच्या दुकानाचे स्मरणवस्तूंचे दुकान होते, आणि राहत्या घराचे पाहुण्यांचे घर होते. या गावाने १९९२ साली केंद्र सरकार, प्रांत आणि नगरपालिका यांचे संयुक्त मंडळ नेमून राहत्या घरांच्या लाकडी खिडक्या, सज्जे, छपरे दुरुस्त करायला पैसा आणि तांत्रिक सल्ला देण्याची सोय केली. पुढे पाहुण्यांच्या घरांवर निर्बंध घातले आणि २०२५ साली मुक्कामावर कर बसवला. देशाच्या पातळीवरही एप्रिल २०२५ पासून असा नियम आहे की अनेक मालकांच्या इमारतीत नवे पाहुणाघर काढायचे तर पाच भागांपैकी तीन भाग मालकांची संमती लागते. शेजाऱ्याला विचारल्याशिवाय घराचा धंदा करायचा नाही, असा त्याचा अर्थ.

शेवटी कामकऱ्यांकडे येऊ. स्पेनमध्ये हॉटेलच्या खोल्या साफ करणाऱ्या बहुतेक बायकाच. एका पाळीत खोल्या किती, यावर त्यांचे सारे दुःख मोजता येते. पाठ, खांदे, मनगटे यांतून जातात. २०१२ च्या कामगार कायद्याने कंपनीपुरत्या कराराला संपूर्ण धंद्याच्या करारावर वरचढ ठरवले. मग अनेक हॉटेलांनी साफसफाई बाहेरच्या ठेकेदारांकडे दिली, आणि तीच बाई तीच खोली कमी पगारात झाडू लागली. ह्या बायकांनी ‘लास केलीस’, म्हणजे ‘ज्या साफ करतात त्या’, ह्या नावाने आपली संघटना बांधली आणि प्रश्न देशाच्या वेशीवर टांगला. डिसेंबर २०२१ च्या सुधारणेने पगारापुरता धंद्याचा करार पुन्हा वरचढ झाला आणि तात्पुरत्या नेमणुकांना आळा बसला. हंगामी कामगाराला दर हंगामात परत बोलावले जाण्याचा हक्क देणाऱ्या कायम करारावर भर आला. ठेकेदारीवर बंदी मात्र आली नाही. लढा तेवढा बाकी आहे.

एवंच, स्पेनच्या ह्या शहरांनी दगड राखण्याची विद्या चांगली साधली आहे, आणि त्याबद्दल त्यांची तारीफ केली पाहिजे. माणूस राखण्याची विद्या ती अजून शिकत आहेत. पर्यटनाचा विकास झाला असे कोणी सांगितले तर आपण तीन गोष्टी विचाराव्यात: पाहुणे किती रात्री राहिले, जुन्या पेठेत किती चुली पेटतात आणि खोली झाडणारीचा करार कोणाशी आहे. या तिन्हींची उत्तरे उन्हाळ्याच्या गर्दीत मिळत नाहीत. ती जानेवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी, संध्याकाळी, जुन्या गल्लीतल्या किती खिडक्यांत दिवा आहे हे मोजल्यावर मिळतात.