गादीची खरेदी : पिंजाऱ्याच्या दारापासून संकेतस्थळापर्यंत

भारतीय घरांत गादी ही पूर्वापार करवून घेण्याची वस्तू होती. कापूस वा शेवरी तोलून घ्यायची, पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायची, खोळीत भरून जाड दोऱ्याने टाके घालायचे, असा तो रिवाज होता. काही वर्षांनी गादी दबली की तोच कापूस उसवून पुन्हा पिंजला जाई. गादीचे आयुष्य अशा रीतीने वाढत राही आणि खर्च होई तो मुख्यतः मजुरीचा. आज मात्र हीच गादी संकेतस्थळावर निवडली जाते आणि खोक्यात गुंडाळून घरपोच येते. हा बदल कसा घडला आणि त्यात ग्राहकाच्या पैशाचे रक्षण कसे होते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

काथ्या, फोम आणि ब्रँड

कारखान्यात तयार होणाऱ्या गादीचा प्रसार १९६० च्या दशकात दक्षिण भारतातून सुरू झाला. नारळाच्या काथ्याला पीळ देऊन तो कुरळा करायचा, त्यावर रबराचा चीक फवारायचा आणि उष्णता व दाब देऊन त्याचे पत्रे बनवायचे, ही त्यामागील प्रक्रिया. कर्नाटकातील ‘कर्ल-ऑन’ आणि केरळातील ‘ड्युरोफ्लेक्स’ ही नावे त्याच काळातील. पुढे पॉलियुरेथेन फोम आला आणि उत्तर भारतातील शीला फोम कंपनीचे ‘स्लीपवेल’ हे नाव घरोघरी पोहोचले. याच कंपनीने २०२३ मध्ये ‘कर्ल-ऑन’मधील बहुसंख्य हिस्सा विकत घेण्याचा व्यवहार केला. एकीकडे गल्लोगल्लीचे गादी कारखाने आणि दुसरीकडे मोठ्या कंपन्या, अशा विभागलेल्या या बाजारात एकत्रीकरण वाढत असल्याचे ते द्योतक होय.

गादी खोक्यात कशी मावली?

संकेतस्थळावरून पुस्तक वा भ्रमणध्वनी विकणे सोपे. गादी विकणे अवघड होते. तिची किंमत तिच्या आकारमानाच्या मानाने कमी असते आणि ती वाहून नेण्यासाठी टेम्पो लागतो. हा अडसर दूर केला तो दाबून गुंडाळण्याच्या यंत्राने. फोमच्या बारीक छिद्रांतील हवा काढून गादी सपाट दाबली जाते, प्लास्टिकमध्ये बंद केली जाते आणि वळकटीसारखी गुंडाळली जाते. कुरिअरच्या वाहनात ती सहज मावते आणि घरी उघडल्यावर काही तासांत पूर्ववत फुगते. काथ्याच्या ताठर गादीला हे साधत नाही. म्हणूनच संकेतस्थळावरील विक्रीत फोम, मेमरी फोम आणि लॅटेक्सचा वरचष्मा दिसतो.

अमेरिकेत २०१४ मध्ये ‘कॅस्पर’ कंपनीने या पद्धतीला प्रसिद्धी मिळवून दिली. भारतात २०१६ मध्ये बेंगळुरू येथे ‘वेकफिट’ सुरू झाली. २०१९ मध्ये मुंबईत ‘द स्लीप कंपनी’ आली. कारखान्यातून थेट ग्राहकाकडे माल पाठवून वितरक व दुकानदार यांचे कमिशन वाचवायचे, हे या व्यवसायाचे सूत्र. न पाहता गादी घेण्याची भीती घालवण्यासाठी शंभर रात्रींच्या वापराची मुभा देण्यात आली.

तथापि, या सूत्राच्या मर्यादाही स्पष्ट झाल्या. परत आलेली गादी नवी म्हणून विकता येत नाही आणि गादीसाठी ग्राहक पुन्हा येतो तो अनेक वर्षांनी; त्यामुळे प्रत्येक नव्या ग्राहकासाठी जाहिरातीचा खर्च करावा लागतो. ‘कॅस्पर’चा समभाग फेब्रुवारी २०२० मध्ये १२ डॉलरना विक्रीस आला आणि २०२२ च्या आरंभी कंपनी ६.९० डॉलर दराने पुन्हा खासगी मालकीकडे गेली. भारतीय कंपन्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी पलंग, सोफा इत्यादी वस्तू जोडल्या आणि शहरांत दुकानेही उघडली. कारण झोपून पाहिल्याविना गादी न घेणारा ग्राहकवर्ग येथे मोठा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये ‘वेकफिट’ शेअर बाजारात नोंदली गेली.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

आपल्याकडे अनेक पलंग सुताराकडून बनवलेले असतात व त्यांची मापे ठरावीक नसतात. म्हणून पलंगाच्या आतील बाजूची लांबी-रुंदी दोन ठिकाणी मोजावी. मागणीनुसार कापलेली गादी सहसा परत घेतली जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

जाहिरातीत जाडी ठळक दिसते; टिकाऊपणा मात्र फोमच्या घनतेवर, म्हणजे एका घनमीटरमधील किलोग्रॅमवर, बराच अवलंबून असतो. मऊपणा आणि घनता या भिन्न गोष्टी आहेत. कमी घनतेचा फोम लवकर बसतो आणि दबलेला फोम कापसासारखा पुन्हा पिंजता येत नाही. दहा वर्षांच्या हमीतही बहुधा ठरावीक खोलीपेक्षा जास्त पडलेला खड्डाच धरला जातो. डाग पडल्यास हमी नाकारली जाऊ शकते. या अटी पैसे भरण्यापूर्वीच वाचाव्यात.

‘नो कॉस्ट’ हप्त्यांचा हिशेब

उदाहरणादाखल २४,००० रुपयांची गादी सहा समान हप्त्यांत, वार्षिक १५ टक्के दराने घेतली असे समजू. प्रत्येक हप्ता ४,००० रुपयांचा. यात विक्रेता सुमारे १,०१६ रुपयांची सूट देतो व तेवढेच व्याज कार्ड देणारी बँक आकारते. व्याज असे फिटले, तरी त्यावरील १८ टक्के जीएसटी, सुमारे १८३ रुपये, ग्राहकाला द्यावा लागतो. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये धरल्यास करासह ते २३५ रुपये होते. म्हणजे ‘बिनखर्ची’ योजनेचा खर्च सुमारे ४१८ रुपये! शिवाय एकरकमी खरेदीवरील सूट सोडावी लागत असेल, तर तीही या हिशेबात धरावी.

कायद्याचे कवच

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार परतावा, बदली, हमी आणि मूळ देश यांची माहिती ग्राहकाला मिळाली पाहिजे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई निर्माण करणे किंवा न मागितलेली वस्तू यादीत घुसवणे, यांसारख्या तेरा फसव्या क्लृप्त्यांना २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा आधार घेता येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. विक्रेता दूरच्या राज्यात असला तरी तेथे जावे लागत नाही.

प्रसिद्ध ब्रँडच्या नावाची बनावट संकेतस्थळे आणि परताव्याच्या नावाखाली येणारे दूरध्वनी यांपासून विशेष सावध राहावे. परतावा मिळण्यासाठी ओटीपी वा यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर विनाविलंब बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पावती, हमीपत्र आणि उघडण्यापूर्वीच्या खोक्याचे छायाचित्र जपून ठेवल्यास पुढील प्रत्येक पायरी सोपी होते.