बंपरवरचा ओरखडा

जिवतीच्या माणिकगड डोंगरातल्या अरुंद वळणांवर झुडपांना घासून बंपरवर ओरखडे उठतात. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा. त्यावर प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर. ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. ते अडकले नाही, तर घाव लॅकरपुरताच. रबिंग कंपाउंडने हलके घासल्यावर तो बहुतेक पुसला जातो. आधी धूळ नीट धुवावी, कारण तिच्यातले वाळूचे कण नवे ओरखडे पाडतात. काळे प्लास्टिक दिसू लागले, तर पॉलिश वायाच. पॉलिप्रॉपिलीनवर रंग सहज धरत नाही, म्हणून प्लास्टिकचा खास प्रायमर हवाच. चीर नसलेला पोचा कढत पाण्याने मऊ करून आतून दाबल्यास बऱ्याचदा निघतो. प्लास्टिक गंजत नाही. त्यामुळे पत्र्यावरच्या ओरखड्याइतकी घाई इथे लागत नाही.