पुरात भिजलेले फोटो लगेच फेकू नका

सोलापूर : सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतल्या घरांत शिरलं. पंचनाम्यात भांडी-कपडे धरले जातात, आजोबांचा एकुलता एक फोटो कोण धरणार?

स्टुडिओत धुतलेल्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. भिजला की तो मऊ पडतो, आणि फोटो एकमेकांना चिकटून वाळले की सुटत नाहीत. म्हणून ओले असतानाच सुटे करावेत. दोन दिवसांत बुरशी धरते. चिखल असेल तर स्वच्छ गार पाण्यात हलकेच हलवावा, बोटानं चोळू नये. मग सावलीत, चित्र वर करून वाळवावा. उन्हात टाकला की वळतो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, आधी काचेसकट मोबाईलवर काढून घ्या. घरच्या प्रिंटरवर काढलेला फोटो मात्र पाण्यात घालायचा नाही, शाई जाते.

पूर नसला तरी पत्र्याच्या खोलीतली भिंत फोटोला वाईटच. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशीपार, पावसाळ्यात ओल. चिकट पानांचा अल्बम तर फोटो पिवळे पाडतो. त्यापेक्षा कागदी पाकिटात घालून आतल्या खोलीतल्या कपाटात, जमिनीपासून उंच ठेवावेत. पाठीमागं नाव आणि साल मऊ पेन्सिलनं लिहावं, बॉलपेनचा वळ पुढं उमटतो.